नावापुढची खूण

आमच्या घरात संगणक आला तो भांडण घेऊनच. लोपेती, माझ्या नवऱ्याचा पुतण्या, ऑकलंडला असतो. तिथल्या शाळांनी टाकून दिलेले संगणक तो दुरुस्त करतो, त्यांत लिनक्स घालतो आणि नात्यागोत्यात वाटत सुटतो. नाताळला आला तेव्हा पिंपात, कपडे आणि साबणाच्या वड्यांच्या मधोमध, जुन्या पांघरुणात गुंडाळून त्यानं आमच्यासाठीही एक आणला. पुढच्या खोलीत मांडला आणि म्हणाला, "काकू, घरातली चार माणसं तुम्ही. एकच खातं करून देतो, सगळ्यांना सोपं पडेल."

मी म्हटलं, "म्हणजे सेमिसी आणि वायमोआना एकाच खात्यात बसणार? तू फार दिवस ऑकलंडला राहिलास बाबा."

सेमिसी माझा थोरला, वायमोआना धाकटी. मिसरूड फुटल्यापासून सेमिसी मागच्या झोपडीत झोपतो. आमच्या रीतीप्रमाणं बहिणीच्या खोलीत तो पाऊल टाकत नाही, तिच्या वस्तूला हात लावत नाही. ती आसपास असली की त्याच्या तोंडातून वावगा शब्द निघत नाही. टीव्हीवर कुणी कुणाचा हात धरला, की दोघांपैकी एक जण उठून पाणी प्यायला जातो. आता त्या मशीनमध्ये तिचे फोटो, तिची पत्रं, तिच्या मैत्रिणींच्या गप्पा असणार आणि हा तिथंच आपले फुटबॉलचे सामने उघडणार? माझ्या घरात नाही. लोपेती हसला, पण त्यानं तीन वेगवेगळी खाती करून दिली. माझा नवरा तानिएला म्हणाला, मला वेगळं नको, मी आपला हिच्याच खात्यात डोकावीन.

मग लोपेतीनं आम्हाला शिकवलं. कोपऱ्यात जायचं, 'माणूस बदला' असं लिहिलेलं दाबायचं, की पडद्यावर तीन नावं येतात. आपलं नाव निवडायचं, आपला पासवर्ड टाकायचा, की आपलं घर. आधीच्या माणसाचं जे काय उघडं असेल ते जिथल्या तिथं राहतं, फक्त दिसत नाही. वायमोआनानं विचारलं, मधे कुणी आत राहिलंय की नाही हे कसं कळायचं? लोपेतीनं तिच्या नावापुढची बरोबरची छोटी खूण दाखवली. म्हणाला, "दाराशी चपला दिसल्या की माणूस घरात आहे हे कळतं ना? तसंच. खूण असली की तो माणूस आत आहे. बाहेर नुसता दिसत नाही एवढंच."

हे मला आवडलं. माणसानं इतकं रीतसर मशीन केलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीत तानिएला दरवर्षीसारखा ऑस्ट्रेलियाला फळं तोडायला गेला. त्याला साखरेचा आजार आहे. जाताना मी त्याला धक्क्यावर सगळ्यांदेखत सुनावलं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, गोड खायचं नाही, बुटात मोजे घालायचे आणि रोज पाय बघायचे. तो म्हणाला, "लोसालिने, अगं बोट सुटू दे, पलीकडच्या बेटावरही ऐकू गेलं." माझं ओरडणं गावात प्रसिद्ध आहे. मला त्याची लाज नाही. मी ओरडते म्हणून तो माणूस टिकलाय असं मी मानत होते.

दर रविवारी दुपारी, जेवणाआधी, तो आमच्याशी बोलायचा. रविवारी आमच्याकडं कुणी काम करत नाही, पण लांबच्या माणसाशी बोलणं हे काम नव्हे असं पाद्रीबाबांनी सांगून टाकलंय. तानिएला पडद्यावर यायचा तो पांढरा सदरा घालून, मांडीवर कमरेला गुंडाळायची आमची मानाची चटई, केस चापून बसवलेले. परक्या मुलुखात, मजुरांच्या जेवणघरात बसूनसुद्धा हा माणूस देवाच्या दिवशी चटई सोडत नाही, म्हणून मला त्याचा अभिमान वाटायचा. चर्चमध्ये मी बायकांना ते सांगितलंही होतं.

इकडं घरात मात्र दोनेक महिने वायमोआनाचं काहीतरी बिनसलं होतं. दुपारी मी बायकांच्यात चटया विणायला गेले की ती मशीनसमोर बसायची. परत येताना पुढच्या खोलीतून कुजबुज कानावर यायची. मी दारात पोचेपर्यंत पडद्यावर नुसती तीन नावं, आणि ही भिंतीकडं बघत केस बांधतेय. तिच्या नावापुढं खूण. म्हणजे चपला दाराशी, आणि बाई म्हणते मी घरात नाहीच. डोळे सुजलेले असायचे. ताटातलं अर्धं डुकरांना जायचं. एकोणीस वर्षांच्या पोरीचं असं झालं की आई काय समजेल? मी तेच समजले.

एकदा सरळ विचारलं, "कोण आहे?"

"कुणी नाही, आई."

"लग्नाचा आहे की लग्न झालेला?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच खाली बघायला लागले. म्हणाली, तसलं काही नाही, तू थोडे दिवस थांब. थोडे दिवस थांबून ज्या गोष्टी आपोआप दिसायला लागतात त्या मला माहीत आहेत.

आणि हे सगळं नेमकं आत्ता व्हावं. राजधानीत, नुकुआलोफाच्या नर्सिंगच्या शाळेत तिची निवड झाली होती, पुढच्या महिन्यात जायचं होतं. आमच्या गावातून आजवर एकही मुलगी तिथं गेली नव्हती. लहानपणापासून ती कोंबडीच्या मोडक्या पायालाही काडी बांधायची. तिला दुसरं काही नकोच होतं.

सेमिसीलाही वास लागला होता. पण भावानं बहिणीला असलं काही विचारायचं नसतं, आणि ऐकायचंही नसतं. तो आपला पुढच्या खोलीत येण्याआधी दाराबाहेर मोठ्यांदा खाकरायचा, तिला उठून जायला वेळ मिळावा म्हणून. रानातून येताना दोनदा खाकरलेला मी ऐकला की मला समजायचं, पोरगी मशीनवर आहे.

मी कुणाला बोलले नव्हते. पण आमच्या गावात न बोललेलंही बोटीत बसून राजधानीला जातं. एका शुक्रवारी तानिएलाची थोरली बहीण, कालोलाइने, धक्क्यावर उतरली. मागं चटयांची गुंडाळी, हातात पंखा, चेहरा मयताला आल्यासारखा.

आत्या म्हणजे आमच्यात घरातलं सर्वांत मोठं माणूस, बापापेक्षाही मोठं. तिनं डुक्कर मागितलं तर डुक्कर द्यायचं, पोरगी मागितली तर पोरगी. मी घरची सून, माझं आवाज चढवणं तिच्यापुढं चालत नाही. ती चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, रविवारी तानिएला पडद्यावर आला की त्याच्यासमोर मी पोरीला विचारणार. मधे कुणी पोरगा निघाला तर नर्सिंग वगैरे बंद. पोरगी माझ्याबरोबर येईल, माझ्या डोळ्यांसमोर राहील आणि मी ठरवीन तिथं तिचं लग्न होईल.

"वन्सं, पोरगी हुशार आहे हो," मी म्हटलं.

"हुशार आहे म्हणूनच तर तुझ्या नाकासमोर पडदा टाकून बसते."

राग आला होता, आणि तो नक्की कुणाचा हेही कळत नव्हतं. नणंदेचा, पोरीचा, की लोपेतीचा, ज्यानं माझ्याच सांगण्यावरून माझ्या घरात तीन दारं पाडून ठेवली होती. वायमोआना स्वयंपाकघरात खोबरं खवत होती. तिला सगळं ऐकू गेलं. तिचा हात थांबला नाही.

आणखी एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळं घडलं. आधीच्या रविवारी तानिएलाचा आवाजच आला नव्हता. पडद्यावर तोंड हलतंय आणि ऐकू काही येत नाही. सेमिसीनं आपल्या खात्यात गाणी लावून ठेवली होती आणि मशीननं आवाज त्याच्याकडंच अडकवून ठेवला होता. त्या वेळेपर्यंत असंच होतं, आवाज एका वेळी एकालाच. माणूस बदलला की मागच्याचा आवाज गप्प व्हायचा, पण कधीकधी पुढच्यासाठी मोकळाच व्हायचा नाही. मी लोपेतीवर फोनवरूनच डाफरले. त्यानं ऑकलंडला बसून मशीनमध्ये काहीतरी केलं आणि शनिवारी कळवलं, काकू, आता तिघांनाही कधीही आवाज येईल. तिघांनाही एकदमच येईल, पडद्याआडूनसुद्धा येईल, हे तो बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही.

रविवारी चर्च झालं. सेमिसीनं अंगणातली, खड्ड्यात पुरलेली भट्टी उघडली. अळूच्या पानांत नारळाच्या दुधात बांधलेलं मटण मी काढत होते. खिडकीतून वायमोआना दिसत होती, चर्चच्याच कपड्यांत, मशीनला अगदी नाक लावून. ओठ हलत होते. मला वाटलं आत जावं आणि तिच्या पाठीत एक धपाटा घालावा. आज तरी, आजच्या दिवशी तरी थांब बाई, आत्या घरात आहे. तेवढ्यात सेमिसी चटयांची गुंडाळी खांद्यावर घेऊन दाराशी आला आणि खाकरला. ती दचकली. पडद्यावर नावं आली. ती उठली आणि मागच्या दारानं माझ्याकडं येऊन तिनं माझ्या हातातलं ताट घेतलं.

"कुणाशी बोलत होतीस?"

"जेवण झालं की सांगते. आई, आज खरंच सांगते."

जेवणाआधी तर तिच्यावर पंचायत बसायची होती. जेवणानंतर सांगून काय उपयोग, हे तिला कसं कळत नव्हतं कोण जाणे.

आम्ही बसलो. मी मशीनसमोर. कालोलाइने बाजूला, तोंड अर्धं वळवून, कारण पडद्यावर येणार तो तिचा भाऊ, आणि ती वयानं साठीला आली तरी भावाच्या समोरासमोर मांडी घालून बसत नाही. सेमिसी उंबऱ्यावर, पाय बाहेर. वायमोआना स्वयंपाकघराच्या दारात. एकाच घरातली माणसं, चार कोपऱ्यांत. पडद्यावर तीन नावं होती आणि वायमोआनाच्या नावापुढं खूण होती. मी ती बघितली. मनात म्हटलंसुद्धा, ही अजून आतच आहे. आणि माझं नाव दाबलं.

तानिएला आला. पांढरा सदरा, मांडीवर चटई. थोडा वाळला होता. म्हणाला, फळं संपत आली, थंडी पडायला लागली, जेवणघरात आज कोंबडी आहे. कालोलाइनेनं भिंतीकडं बघत त्याची चौकशी केली, त्यानं खाली बघत उत्तर दिलं. मग ती म्हणाली, "तानिएला, आज एक गोष्ट विचारायची आहे. आधी प्रार्थना करू."

प्रार्थनेआधी घटकाभर गप्प बसायची आमच्या घरची रीत आहे. सगळ्यांनी डोळे मिटले. तिकडं तानिएलानंही मिटले असणार. बाहेर कोंबडासुद्धा ओरडत नव्हता.

आणि त्या शांततेत एक पुरुष बोलला.

"वाय? आहेस ना? आलो मी परत."

तानिएलाचा आवाज नव्हता. तरुण आवाज होता, जवळचा, हळू, आपल्याच भाषेतला. माझे डोळे उघडले. पडद्यावर तानिएला होता आणि त्याचं तोंड बंद होतं.

"एकटी नसशील तर बोलू नकोस," तो आवाज म्हणाला. "आई जवळ असेल. मी बोलतो, तू नुसतं ऐक. काल रात्रभर रडलीस ना? मला माहीत होतं."

मशीनच्या आत कुणीतरी माणूस बसलाय असं मला वाटलं, खरंच वाटलं, माझ्या घरात, माझ्या चटईवर, माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यामागं. सेमिसी उठला. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं कुणाकडं बघितलं नाही. उंबऱ्यावरून उतरला आणि भट्टीच्या पलीकडं, फणसाच्या झाडाकडं चालत गेला. भावाच्या कानांवर बहिणीचं असलं काही पडणं याच्याहून वाईट काही नाही. ते त्याच्या बापासमोर, आत्यासमोर, देवाच्या दिवशी पडलं होतं. आता हा मुलगा घरात येणार नाही असं माझ्या मनात आलं.

वायमोआना धावत आली. तिचा हात मशीनला लागणार तोच कालोलाइनेनं तिचं मनगट पकडलं. म्हातारीच्या हातात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"हात लावायचा नाही. बोलू दे त्याला."

"आत्या, नको ना. पाया पडते."

"बोलू दे."

त्या वेळी घंटी वाजली. छोटी, हातगाडीला बांधलेली असते तशी. पडद्यावर तानिएलाच्या मागं कुठंतरी वाजली, आणि लगेच त्या दुसऱ्या आवाजाच्या मागंही वाजली. तीच घंटी. एकदा माझ्या खात्यातून आणि एकदा वायमोआनाच्या. मला नीटसं समजलं नाही. पोरीचा हा जो कोण आहे तो माझ्या नवऱ्याच्या शेजारच्या खोलीत काय करतोय?

तानिएला म्हणाला, "लोसालिने, मशीन बंद कर."

"का?"

"बंद कर. नंतर बोलू."

तो अजून हसत होता. तोंड तसंच हसरं राहिलं होतं आणि डोळे भलतीकडंच गेले होते. तिकडं त्यानंही आमच्या मशीनमधून तो आवाज ऐकला होता, आणि तो आवाज त्याच्या ओळखीचा होता.

पडद्याआडचा पोरगा बोलतच होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. "सकाळी डॉक्टर येऊन गेले. चांगली बातमी आहे, वाय, म्हणून तर तुला थांबायला सांगितलं. गुडघ्याखालची जखम भरली. आता आणखी कापावं लागणार नाही म्हणाले. साखरही उतरलीय. पुढच्या आठवड्यात नव्या पायाचं माप घेतील. मी तुझ्या बाबांना आत्ताच जेवणघरात बसवून आलो. चटई नीट घातलीय मांडीवर, चाकं अजिबात दिसत नाहीत. आजचा रविवारही निभावेल, काळजी करू नकोस."

कालोलाइनेच्या हातातून पोरीचं मनगट सुटलं, ते मला नंतर आठवलं.

मला वाटतं मी ते शब्द ऐकले, पण ते कुणाबद्दल आहेत हे ऐकलं नाही. माणसाचं डोकं असं करतं. कापावं लागणार नाही. कुणाला? माप घेतील. कसलं? मी पडद्याकडं बघत होते. पांढरा सदरा, चापून बसवलेले केस, मांडीवर चटई. किती रविवार मी ती चटई बघत होते. चर्चमध्ये बायकांना सांगत होते.

"तानिएला," मी म्हटलं, "उभा राहा."

"अगं, आत्ताच बसलोय. गुडघे धरलेत. थंडी किती आहे इथं."

"उभा राहा म्हणते ना."

"लोसालिने, ऐक..."

त्यानं माझं ऐकलं नाही. आयुष्यभर मी ओरडत आले आणि तो हसत ऐकत आला, पण ते एवढं त्यानं ऐकलं नाही. माझ्या मागं चटई खरखरली. कालोलाइने उठली होती. ती आली आणि माझ्या शेजारी, मशीनच्या बरोबर समोर, भावाच्या तोंडासमोर तोंड करून बसली. मी तिला लग्न झाल्यापासून ओळखते. असं बसलेलं मी तिला कधी बघितलं नव्हतं.

ती म्हणाली, "तानिएला. मी सांगतेय. उभा राहा."

बहिणीचा शब्द त्यानं जन्मात मोडला नव्हता. लहानपणी तिनं सांगितलं म्हणून तो वादळात होडी सोडवायला गेला होता, असं घरात सांगतात. त्याचं हसू गेलं. त्यानं दोन्ही हात खाली नेले, बाजूला. मला वाटलं आता खुर्चीचे हात धरून उठेल. माझा जीव भांड्यात पडला. उठतोय, देवा, उठतोय.

तो उठला नाही. तो बसल्या बसल्या मागं गेला. सगळाच्या सगळा, खुर्चीसकट, सरळ मागं, आणि पडद्यात मावायला लागला. मग त्यानं मांडीवरची चटई उचलली आणि बाजूला ठेवली. डाव्या पायात बूट होता, मोजा घातलेला. उजवीकडं विजारीची गुंडाळी होती, पिनेनं टोचलेली, आणि तिच्याखाली खुर्चीची पायरी रिकामी होती.

"बुटानं फोड आला होता," तो म्हणाला. "मला कळलाच नाही. दुखलंच नाही ना. कळला तेव्हा उशीर झाला होता. पोरीला मी शपथ घातली होती, तिच्यावर रागावू नका. डॉक्टर काय बोलतात ते मला कळेना, ती मला सगळं समजावून सांगायची. सायमोने इथं दवाखान्यात आजाऱ्यांची सेवा करतो, आपल्याच बेटांवरचा आहे, चांगला पोरगा आहे. मला म्हणायचं होतं, नव्या पायावर उभा राहीन तेव्हाच दाखवीन. त्याच्या आधी तू ओरडली असतीस."

मी पडद्याच्या आणखी जवळ सरकले.

"आता ओरड," तो म्हणाला. "लोसालिने. ओरड ना."

मला आवाजच फुटेना. मी तोंड उघडलं होतं हे मला आठवतं. मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्याला हात लावून बघायचा होता, आणि मधे काच होती. वायमोआना खाली बसली होती, डोकं गुडघ्यांत घालून. दोन महिने एवढीशी पोर ते एकटीनं पोटात घेऊन हिंडत होती, आणि मी तिला विचारलं होतं, लग्नाचा आहे की लग्न झालेला. कालोलाइने पंखा विसरून भावाच्या त्या रिकाम्या पायरीकडं बघत होती. तिला पोरीला जे विचारायचं होतं ते तिनं त्या दिवशी विचारलं नाही, आणि नंतरही नाही.

मशीनमधून पुन्हा आवाज आला, आता जरा घाबरलेला. "वाय? तुमच्याकडून कुणाचा तरी आवाज येतोय. कोण आहे तिथं? वाय, बोल ना."

पोरीला मान वर करता येत नव्हती. दारात कुणीतरी खाकरलं.

सेमिसी होता. किती वेळचा तिथं उभा होता कोण जाणे. चेहऱ्यावरून कळत होतं की त्यानं बापाला बघितलंय. पण खाकरून तो थांबला नाही. तो आत आला, सरळ चटईवरून चालत आला आणि बहिणीच्या शेजारी, तिच्या खांद्याला खांदा लागेल असा बसला. लहान होते तेव्हा एकाच पांघरुणात झोपायचे, त्यानंतर मी त्यांना इतकं जवळ बघितलं नव्हतं. ती जागची हलली नाही. त्यानं हात लांब करून मशीनला लावला. वर बापाचा चेहरा होता, त्याच्या आड तिचं खातं, आणि त्या खात्यात तो परका पोरगा. त्यानं काही बदललं नाही, काही बंद केलं नाही.

"मी तिचा भाऊ बोलतोय," सेमिसी म्हणाला. "सगळे आहोत इथं. आता सगळ्यांना सांग."